अंधारात राबलेला पालक

हरितद्रव्यामुळे पानं हिरवी दिसतात आणि उन्हात झाड स्वतःचं अन्न बनवतं, हे आपण शाळेत शिकतो. परीक्षेपुरतं ते पुरतं. पण उन्हाची शक्ती झाड साठवतं कशी? तिथे हरितद्रव्याइतकंच महत्त्व आहे एका पातळ पडद्याला.

पानाच्या पेशींत हरितलवकं असतात. त्यांच्या आत चपट्या पिशव्या, नाण्यांच्या चळतीसारख्या रचलेल्या. यांना थायलाकॉइड म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही पिशवीच. पिशवीचं पटल मिलिमीटरच्या साधारण दोन लाखाव्या भागाएवढं जाड. हरितद्रव्य त्यातच बसवलेलं असतं. ऊन पडलं की पाण्याचे रेणू फुटतात, आपल्याला लागणारा ऑक्सिजन सुटतो आणि प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे धनभारित कण, पिशवीत साठत जातात. धरण भरावं तसं. पटल त्यांना सहजी बाहेर सोडत नाही. मुख्य वाट एकच, पटलात रोवलेल्या एका प्रथिनातून. प्रोटॉन तिथून निसटताना प्रथिनाचा एक भाग चक्क गरगर फिरतो आणि एटीपी तयार होतं. पुढे साखर बनवायला हेच एटीपी लागतं.

धरणाची ही कल्पना ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनी १९६१ साली मांडली, तेव्हा फारच थोड्यांना ती पटली. मग १९६६ मध्ये अमेरिकेत आंद्रे जेगनडॉर्फ आणि अर्नेस्ट उरिबे यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. साहित्य काय, तर पालक! पालकाची हरितलवकं त्यांनी अंधारात आम्ल द्रावणात ठेवली. पिशव्यांत आम्ल, म्हणजेच प्रोटॉन, भरले. मग एकदम बाहेरचं द्रावण अल्कधर्मी केलं. उजेडाचा किरण नाही, तरी एटीपी तयार झालं! ऊन फक्त धरण भरतं, चक्र फिरतं ते साठ्याच्या जोरावर. इतका साधा आणि इतका निर्णायक प्रयोग विज्ञानात क्वचितच सापडतो. मिचेल यांना १९७८ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

उलटी परीक्षाही प्रयोगशाळेत घेता येते. ग्रॅमिसिडिन हे प्रतिजैविक पटलाला बारीक भोकं पाडतं. नंतर उजेड दिला तर पाणी फुटतं, ऑक्सिजनही सुटतो, कधी कधी आधीपेक्षा वेगाने. पण प्रोटॉन भोकांतून वाहून जातात आणि एटीपी बनत नाही.