गुलाबी वाइनचा रंग कुठून येतो?

गेल्या दिवाळीत अनसिंगला घरी गेलो होतो. ओसरीवर गप्पा चालल्या असताना पुतण्याने विचारले, "काका, नाशिककडं गुलाबी वाइनचं द्राक्ष लावतात म्हणे. आपल्या चार एकरांतलं सोयाबीन मोडून तेच लावलं तर?" प्रश्न साधा होता, पण त्यामागे सोयाबीनचा पडलेला भाव होता आणि सोसायटीचे कर्जही होते. माझी बरीच वर्षे नाशिक भागातल्या द्राक्षबागांत गेली. म्हणून त्याला जे सांगितले, तेच आज तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट रंगाची. बाजारातल्या काळ्या द्राक्षाचा एक मणी चिमटीत दाबून पाहा. रस जवळजवळ बिनरंगी निघतो. रंग असतो तो सालीत. पुसा नवरंगसारख्या मोजक्या जातींचा गरही लाल असतो, पण तो अपवाद. काळ्या द्राक्षांचा रस सालींसकट आठवडा-दोन आठवडे आंबवला की लाल वाइन होते. तोच रस काही तासच सालींसोबत ठेवून वेगळा केला की गुलाबी. चहाची पत्ती किती वेळ मुरू द्यायची, तसाच हा हिशेब आहे. या वाइनला फ्रेंच भाषेत 'रोझे' म्हणतात. नाशिकच्या सुला कंपनीची झिनफँडेल रोझे अशीच काळ्या सालीच्या द्राक्षापासून होते.

मग सालच गुलाबी असलेली द्राक्षे? तीही आहेत. गेवुर्झट्रामिनर, पिनो ग्री या युरोपीय जाती त्यातल्याच. मात्र त्यांच्या सालीत रंगद्रव्य थोडे असते. त्यामुळे साली जास्त वेळ ठेवल्या तरी रंग गडद गुलाबी होत नाही; कांद्याच्या पापुद्र्यासारखा किंवा तांबूस येतो. इटलीच्या फ्रिउली भागात पिनो ग्रीच्या अशा वाइनला 'रामातो', म्हणजे तांब्याच्या रंगाची, असेच म्हणतात. अमेरिकेत कटाबा नावाचे गुलाबी सालीचे द्राक्ष आहे. एकोणिसाव्या शतकात निकोलस लाँगवर्थ यांनी सिनसिनाटीत त्याची वाइन नावारूपाला आणली. या कटाबाचे आपल्याशीही नाते आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने रसासाठी काढलेल्या 'एआरआय-५१६' या वाणाच्या जनकांपैकी एक कटाबाच आहे.

आता कृती. द्राक्षे पहाटेच्या गारव्यात तोडतात. रसाची गोडी साधारण २० ते २२ ब्रिक्स असताना तोडणी केली, तर आंबटपणा टिकून राहतो. देठ काढून मणी फोडतात, काही तास थंड ठेवतात आणि मग हलक्या दाबाने रस काढतात. गाळ बसला की यीस्ट घालून १४ ते १६ अंशांच्या आसपास सावकाश आंबवतात. लिटरभर रसातली सुमारे १७ ग्रॅम साखर आंबली की एक टक्का मद्यार्क तयार होतो. म्हणजे २०० ग्रॅम साखरेतून बारा टक्क्यांच्या जवळपास. हवा लागली तर गुलाबी रंग तपकिरी पडतो, म्हणून टाक्या बंद ठेवतात. हे सारे परवान्याशिवाय घरी करून पाहणे आपल्याकडे गुन्हा आहे, हेही सांगून ठेवतो.

चव घेण्याचीही रीत असते. पेल्यामागे पांढरा कागद धरून रंग पाहावा. तो स्वच्छ, चमकदार हवा. वास घेतला की रोझेत स्ट्रॉबेरी, कलिंगड आठवते. गेवुर्झट्रामिनरमध्ये गुलाब आणि लिची. ही वाइन ८ ते १२ अंशांना थंड प्यायची. बहुतेक रोझे वर्ष-दोन वर्षांतच संपवाव्यात. ठेवून त्या सुधारत नाहीत. काचेची पांढरी बाटली उन्हात ठेवली तर वास बिघडतो. मद्यार्काने तिखट अधिक झोंबते. तेव्हा वऱ्हाडी रश्श्याबरोबर कडक वाइनपेक्षा किंचित गोड, हलकी रोझे बरी. मात्र वाइन म्हणजे औषध, हा समज सोडून द्यावा. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले आहे.

आता पुतण्याचा प्रश्न. राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणले आणि वाइन द्राक्षांच्या बागा भराभर वाढल्या. त्या दशकाच्या अखेरीस मंदी आली, माल उचलणारे मागे हटले आणि अनेकांनी बागा उपटल्या. कारण सरळ आहे. वाइनचे द्राक्ष बारीक, बियांचे, जाड सालीचे असते. वाइनरीने नाही घेतले, तर वाशिमच्या बाजारात त्याला कोण विचारणार? शिवाय मांडव, ठिबक, वर्षातून दोन छाटण्या, आणि आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये पडणारी गारपीट. वाइनऱ्या नाशिक-पुण्याकडे; तोडलेला माल तिथवर नेईपर्यंत वाटेतच तापून फुटायला लागेल.

म्हणून त्याला म्हटले, "आधी लेखी करार, मग खड्डे. खरेदीदार कोण, भाव काय, माल नाकारला तर काय, हे कागदावर येत नाही तोवर सोयाबीनला हात लावू नकोस."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे काका, रंग सालीत असतो आणि पैसा करारात."

एवढे त्याला कळले, याचे मला समाधान वाटले. श्रोत्यांपैकी कुणाच्या मनात असाच विचार घोळत असेल, तर त्यांनीही रोपे विकत घेण्याआधी खरेदीदाराच्या दारात जाऊन यावे.