ताण स्मरणाला मारक, भीतीला पोषक

महिनोन्‌महिने कामाच्या ताणाखाली असलेल्या माणसाला ओळखीची नावेही चटकन आठवत नाहीत. मात्र, वरिष्ठांनी चारचौघांत केलेला अपमान तो वर्षानुवर्षे विसरू शकत नाही. ताणामुळे एकीकडे स्मरणशक्ती दगा देते आणि दुसरीकडे भीती मनात घर करून राहते, ती का? मेंदूपेशींच्या वाढीला आवश्यक असणाऱ्या एका प्रथिनात या प्रश्नाच्या उत्तराचा काही भाग दडला असावा, असे संशोधनातून दिसून आले आहे.

संकटाची चाहूल लागताच मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग पीयूषिका ग्रंथीला संदेश देतो. तिच्या आदेशावरून मूत्रपिंडांच्या वर असलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात सोडतात. रक्तातील साखर वाढते आणि शरीर मुकाबल्यास सज्ज होते. संकट टळल्यावर कॉर्टिसॉलची पातळी खाली यावी, अशी निसर्गाची योजना आहे. या कामी लगाम घालण्याची जबाबदारी काही अंशी हिप्पोकॅम्पस या स्मरणकेंद्राकडे असते. उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये ताणाची संप्रेरके पकडून ठेवणारे ग्राही असल्याचे अमेरिकी शास्त्रज्ञ ब्रूस मॅकईवन यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले. ताण दीर्घकाळ टिकला, तर लगाम धरणाऱ्या या केंद्रालाच त्याची सर्वाधिक झळ बसते.

वाढीचे प्रथिन

ही झळ नेमकी कशी बसते, हे समजण्यासाठी ‘बीडीएनएफ’ या प्रथिनाची ओळख करून घ्यायला हवी. १९८२ मध्ये डुकराच्या मेंदूतून ते प्रथम वेगळे करण्यात आले. मेंदूपेशी जगवणे, त्यांच्या शाखांना बळ देणे आणि पेशींमधील जोडण्या घट्ट करणे, ही त्याची कामे. झाडाला खत, तसे मेंदूपेशींना बीडीएनएफ, असे म्हणता येईल. उंदरांना जखडून ठेवून ताण दिल्यास हिप्पोकॅम्पसमधील बीडीएनएफची निर्मिती घटते, असे १९९५ मध्ये अमेरिकी संशोधकांना आढळले. ही घट काही प्रमाणात ताणाच्या संप्रेरकामुळे होते, असेही त्यांच्या प्रयोगांतून दिसले.

दोन केंद्रे, दोन परिणाम

टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या बंगळुरू येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच्या पुढचे पाऊल टाकले. दहा दिवस, रोज दोन तास जखडून ठेवलेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधील पेशींच्या शाखा आक्रसल्या. पण भीतीचे केंद्र असलेल्या अमिग्डालातील पेशींच्या शाखा उलट फोफावल्या, असे त्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केले. २०१२ मधील अभ्यासाने त्याला जोड दिली. तशाच ताणानंतर हिप्पोकॅम्पसमधील बीडीएनएफ घटले होते, तर अमिग्डालातील वाढले होते. त्यानंतर २१ दिवस उंदरांना कोणताही ताण दिला नाही. तेव्हा हिप्पोकॅम्पसमधील पातळी पूर्ववत झाली. अमिग्डालातील मात्र चढीच राहिली.

म्हणजे खत चांगले की वाईट, हे ते कोणत्या झाडाला मिळते यावर ठरते. सुट्टीनंतर कामाचा उत्साह परत येऊनही धास्ती का सरत नाही, याचा काहीसा उलगडा या निष्कर्षांतून होऊ शकतो. अर्थात, हे प्रयोग उंदरांवरचे आहेत. माणसाच्या बाबतीत ते जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत.

चालण्याचा लाभ

तरीही आशेला जागा आहे. व्यायामामुळे उंदरांच्या मेंदूत बीडीएनएफ वाढते, हे १९९५ मध्येच दिसले होते. अमेरिकेत १२० वयस्कर व्यक्तींच्या एका अभ्यासात वर्षभर नियमित चालणाऱ्यांच्या हिप्पोकॅम्पसचे आकारमान सुमारे दोन टक्क्यांनी वाढले, तर केवळ ताणाचे सौम्य व्यायाम करणाऱ्यांचे घटले, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. रोजचे चालणे हा काही औषधोपचाराला पर्याय नव्हे. मनातील भीती आणि उदासी हटत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यायलाच हवा. ‘विश्रांती घे, सगळे ठीक होईल’ एवढे सांगून अशा माणसाची बोळवण करणे मात्र आता योग्य ठरणार नाही.