गिनी पिगची जखम आणि घरातील औषधाची बाटली

काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात डिचोलीहून एका मातेचा दूरध्वनी आला. तिच्या मुलाच्या घशाच्या संसर्गावर मी अमॉक्सिसिलिन दिले होते आणि मूल ठणठणीत झाले होते. प्रश्न मुलाचा नव्हता. घरी पाळलेल्या दोन गिनी पिगांची जुंपली होती. एकाच्या पाठीवरील चाव्यात पू झाला होता, आणि बाटलीच्या तळाशी थोडे औषध शिल्लक होते. "डॉक्टर, त्यातलेच त्याला देऊ का?" मी वजन विचारले. स्वयंपाकघरातील काट्यावर ते नऊशे ग्रॅम भरले होते. किलोमागे मात्रा काढणे हा बालरोगतज्ज्ञाच्या हाताचा मळ. मी ती काढली आणि सांगून मोकळा झालो.

तिसऱ्या दिवशी त्या प्राण्याने खाणे सोडले, मग पातळ शी सुरू झाली आणि पाचव्या दिवशी तो गेला. जखम तोवर चांगली सुकत आली होती. पुढे तपासणीस आला असता त्या मुलाने मला विचारले, "तेच औषध मला चालले, मग त्याला का नाही?" मजपाशी उत्तर नव्हते. ते मी नंतर शोधले. पदवीच्या अभ्यासक्रमात ते आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला आलेले नसते, म्हणून येथे मांडतो.

गिनी पिग हा निव्वळ तृणभक्षी प्राणी. गवतातील चोथा त्याच्या मोठ्या अंधनालात, म्हणजे सीकममध्ये, जिवाणू आंबवतात. त्यांच्याविना त्याचे पोषण अशक्य. या जिवाणूंपैकी बहुसंख्य ग्रॅम-पॉझिटिव्ह असतात, आणि पेनिसिलिन वर्गातील औषध तोंडावाटे गेले की नेमके तेच मरतात. मोकळ्या झालेल्या जागेत क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल फोफावतो आणि त्याचे विष आतडे सोलून काढते. माणसातही अँटिबायोटिकनंतरच्या अतिसारामागे हाच जंतू असू शकतो. परंतु आपण बहुधा त्यातून सावरतो, गिनी पिग क्वचितच सावरतो. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, एरिथ्रोमायसिन ही सारी त्याला वर्ज्य. येथे मात्रा कमी करून भागत नाही, कारण अपाय मात्रेचा नसून औषधाच्या जातीचा आहे.

पेनिसिलिनचा हा दोष 1943 सालीच अमेरिकेत डोरोथी हॅम्रे व सहकाऱ्यांनी नोंदवला होता. त्याआधी, 25 मे 1940 रोजी, ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी यांच्या गटाने स्ट्रेप्टोकोकस टोचलेल्या आठ उंदरांवर ते औषध पारखले. औषध मिळालेले चार जगले, न मिळालेले चार सकाळपर्यंत मेले. त्या दिवशी पिंजऱ्यात उंदरांऐवजी गिनी पिग असते तर पेनिसिलिनचे काय झाले असते, हा विचार मला अजूनही अस्वस्थ करतो.

मग घरी करावे काय? प्रथम जखम नीट पाहावी. दाट केसांखाली ती लपते. ओले चिकट केस आणि दुर्गंधी यांवरूनच बहुधा कळते. बोथट टोकाच्या कात्रीने भोवतालचे केस हलक्या हाताने कापावेत. अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात सपाट चमचाभर मीठ घालून त्या पाण्याने गॉजच्या घडीने जखम दिवसातून दोनदा धुवावी. कापूस वापरू नये, त्याचे तंतू चिकटून राहतात. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीन फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करून लावावे आणि अंग कोरडे करावे. डेटॉल, फिनेल, टर्पेंटाइन यांना हातही लावू नये. गुरांच्या जखमेवर आपल्याकडे काय काय ओततात ते मला ठाऊक आहे; परंतु हा किलोभराचा जीव अंग सतत चाटतो, आणि लावलेले सारे पोटात जाते. याच कारणास्तव बॅसिट्रासिन असलेले मलमही नको. स्टेरॉइडचे मलम तर नकोच, आणि मुलांचे पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनही आपल्या मनाने देऊ नये.

घट्ट गाठ लागली तर ती दाबून फोडू नये. गिनी पिगचा पू पनीरासारखा घट्ट असतो, तो आपसूक वाहून जात नाही. गळू पशुवैद्यानेच शस्त्रक्रियेने काढावे लागते. मांजराच्या किंवा कुत्र्याच्या दाताची जखम वरून टाचणीएवढी आणि आत खोल असते. आणि आपल्या दमट हवेत, विशेषतः जून ते सप्टेंबर, माश्या जखमेवर अंडी घालतात. अळी दिसली तर उद्याची वाट पाहू नये. पेडणे-डिचोली भागात पशुवैद्याचा बहुतेक वेळ गाई-म्हशी आणि कुत्र्यांत जातो, म्हणून गिनी पिग हाताळलेला पशुवैद्य कोण, याची चौकशी प्राणी निरोगी असतानाच करून ठेवावी. अँटिबायोटिक लागलेच तर एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा यांसारखे औषध तो निवडील.

जखमेइतकेच लक्ष खाण्याकडे हवे. बारा तास काही न खाल्लेला गिनी पिग हा तातडीचा रुग्ण समजावा. आतडे थांबले की ते पुन्हा सुरू होणे कठीण. खाद्याच्या गोळ्या पाण्यात भिजवून, सुई काढलेल्या सिरिंजने गालाच्या बाजूने थोडे थोडे भरवावे आणि त्याच वेळी पशुवैद्याला गाठावे. रोज एकाच वेळी वजन करावे. दहा टक्के घट झाली तर जखम कितीही छान दिसो, प्राणी बिघडतो आहे. जीवनसत्त्व क त्याला आपल्याप्रमाणेच बाहेरून मिळावे लागते. 1907 साली हॉल्स्ट आणि फ्रोलिच यांनी नॉर्वेत गिनी पिगांतच स्कर्व्ही निर्माण करून त्या रोगाचे कोडे उलगडण्याची वाट खुली केली. हे जीवनसत्त्व कमी पडले तर जखम भरत नाही. पेरूची फोड, ढबू मिरचीचा तुकडा, कोथिंबीर द्यावी. पाण्यात मिसळलेले जीवनसत्त्व लवकर नासते. मुलांचे मल्टिव्हिटॅमिनही नको, त्यातील अ आणि ड जास्त होतात.

पिंजरा पडवीच्या पावसाळी झडीपासून दूर, हवेशीर व कोरड्या जागी असावा. तळाला वर्तमानपत्र व स्वच्छ कापड घालून ते दिवसातून दोनदा बदलावे. चावणारा जोडीदार वेगळा ठेवावा, पण नजरेआड नको.

उरला मुलांचा प्रश्न, जो खरे तर माझा विषय. मलमपट्टी मोठ्यांनी करावी, मुलाने गवत द्यावे आणि नंतर साबणाने हात धुवावेत. मुलाच्या हातावर गोल, खवलेदार चट्टा उठला तर तो गजकर्ण असू शकतो. गिनी पिगपासून तो मुलांना लागतो. प्राण्याला कुत्रा किंवा मांजर चावले असेल तर त्याला हाताळण्यापूर्वी रेबीजचा विचार करून डॉक्टरांना विचारावे. दुखऱ्या गिनी पिगने मुलालाच चावा घेतला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन धनुर्वाताची लस पाहावी. अशा वेळी मुलाला बहुधा अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेटच द्यावे लागते. त्या बाटलीवर मी आता मुलाचे नाव ठळक लिहून देतो, आणि उरलेले औषध टाकून द्यायला सांगतो.