खोडवा किती वर्षे ठेवायचा?

४५ कोटी, ६४ कोटी, ७० कोटी. हे डॉलरमधले खर्च आहेत, ‘कॉल ऑफ ड्यूटी’ या युद्धाच्या गेममालिकेतल्या तीन भागांचे: २०१५ चा ‘ब्लॅक ऑप्स ३’, २०१९ चा ‘मॉडर्न वॉरफेअर’ आणि २०२० चा ‘ब्लॅक ऑप्स कोल्ड वॉर’. या तिघांच्या विकल्या गेलेल्या प्रती शेजारी मांडल्या की दुसरी रांग अशी दिसते: ४.३ कोटी, ४.१ कोटी, ३ कोटी. एक रांग चढते आहे, दुसरी उतरते आहे.

गेम कंपन्या असे आकडे सहसा बाहेर जाऊ देत नाहीत. हे बाहेर आले ते कॅलिफोर्नियातल्या एका खटल्यामुळे. अ‍ॅक्टिव्हिजन कंपनीच्या अधिकाऱ्याने न्यायालयात दिलेल्या निवेदनात ते होते आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यांची बातमी झाली. कोणती जुनी मालिका आता बंद करावी आणि कोणती चालू ठेवावी, यावर गेम खेळणारे तासन्‌तास भांडतात. ते भांडण बहुतेक वेळा आठवणींचे असते. ज्याचे बालपण ज्या भागात गेले तोच भाग त्याला श्रेष्ठ वाटतो. या सहा आकड्यांमुळे तो वाद निदान वहीवर मांडता येतो.

दर प्रतीचा हिशेब

भागाकार सोपा आहे. २०१५ च्या भागाला विकलेल्या प्रत्येक प्रतीमागे सुमारे साडेदहा डॉलर खर्च आला. २०१९ मध्ये तो साडेपंधरा डॉलरच्या वर गेला, २०२० मध्ये २३ डॉलरच्या वर. पाच वर्षांत एकूण खर्च ५५ टक्क्यांनी वाढला, प्रती ३० टक्क्यांनी घटल्या आणि दर प्रतीचा खर्च दुपटीहून जास्त झाला.

विक्रीची किंमत मात्र जवळजवळ जागची हलली नाही. अमेरिकेत मोठ्या गेमची किंमत २००५-०६ पासून ६० डॉलर होती. २०२० मध्ये नव्या कन्सोलसोबत ती ७० झाली. डिजिटल दुकान साधारण ३० टक्के वाटा ठेवून घेते, म्हणजे ६० डॉलरपैकी ४२ कंपनीच्या हाती पडतात. त्या ४२ मधला २०१५ साली चतुर्थांश भाग खर्चात गेला, २०२० साली निम्म्याहून अधिक. सेलमध्ये निम्म्या किमतीला गेलेल्या प्रती धरल्या, तर हाती उरणारी रक्कम आणखी आक्रसते.

या हिशेबाला दोन पुरवण्या जोडायला हव्यात. पहिली: खर्चात गेम बाजारात आल्यानंतर त्यात घातलेल्या भरीचाही समावेश आहे, आणि जुन्या भागाला विकले जायला पाच वर्षे जास्त मिळाली. दुसरी: मार्च २०२० मध्ये याच मालिकेतला ‘वॉरझोन’ फुकट खेळता येऊ लागला आणि एप्रिल २०२१ पर्यंत त्याचे खेळाडू १० कोटींवर गेले. त्यांच्याकडून बंदुकांच्या रंगांचे आणि पात्रांच्या पोशाखांचे जे पैसे येतात, ते ‘प्रती’ या रकान्यात दिसत नाहीत. म्हणून कंपनी तोट्यात आहे असे कोणी म्हणू नये. कल मात्र लपत नाही.

ऊस लावणाऱ्याला हे गणित लगेच कळेल. लागणीचा ऊस तुटला की बुडखे तसेच राखून पुढचे पीक घेतात, तो खोडवा. त्याचे उत्पन्न लागणीपेक्षा कमी येते, पण नांगरट, बेणे आणि लावणी यांचा खर्च वाचतो, म्हणून तो परवडतो. गेमचा पुढचा भागही याच भरवशावर काढला जात असे: सॉफ्टवेअरची यंत्रणा तीच, नाव ओळखीचे, कथा आणि नकाशे तेवढे नवे. ‘कॉल ऑफ ड्यूटी’च्या वहीत उलटे झाले आहे. उत्पन्न खोडव्याचे आणि खर्च लागणीहून जास्त.

असे का झाले, याचे उत्तर वेळापत्रकात आहे. २०१४ पासून ट्रेयार्क, इन्फिनिटी वॉर्ड आणि स्लेजहॅमर हे तीन स्टुडिओ आळीपाळीने भाग काढू लागले. प्रत्येकाला तीन वर्षे मिळावीत हा त्यातला हेतू. पण दरवर्षी एक गेम हवा, तर तीन पथके एकाच वेळी राबवावी लागतात आणि शेवटच्या महिन्यांत बाकीच्या स्टुडिओंची माणसेही त्याच कामाला जुंपावी लागतात. शिवाय प्रत्येक भाग आधीच्यापेक्षा देखणा दिसला पाहिजे. भिंतीवरचा ओरखडा, सैनिकाच्या कपाळावरचा घाम, सगळे कोणीतरी बसून घडवलेले असते आणि त्या बसण्याचा पगार असतो.

तेरा आणि शून्य

आता दुसरी मालिका घेऊ. २०१३ ते २०२५ या काळात ‘कॉल ऑफ ड्यूटी’चे मुख्य भाग आले १३. त्याच काळात ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ म्हणजे जीटीएचे नवे मुख्य भाग २०१३ च्या पाचव्या भागानंतर आले शून्य. तरीही दोन्ही मालिकांची एकूण विक्री फारशी लांब नाही: एकीची ५० कोटींच्या घरात, दुसरीची ४५ कोटींच्या आसपास.

जीटीए ५ बाजारात आला १७ सप्टेंबर २०१३ रोजी. पहिल्या दिवशी ८० कोटी डॉलरची विक्री झाली, तीन दिवसांत १ अब्ज डॉलरची. खरी गंमत पुढे आहे. मे २०२५ पर्यंत त्याच्या २१.५ कोटी प्रती गेल्या होत्या, म्हणजे वर्षाला सरासरी १.८ कोटी. बारा वर्षांचा जुना गेम दरवर्षी एवढा खपतो आहे, की अनेक कंपन्यांचे नवे गेम जन्मभरात तेवढे खपत नाहीत.

दोन भागांमधले अंतर मात्र वाढत गेले आहे. २००१ च्या तिसऱ्या भागानंतर एका वर्षाने ‘व्हाइस सिटी’ आला, मग दोन वर्षांनी ‘सॅन अँड्रियास’, साडेतीन वर्षांनी चौथा भाग, साडेपाच वर्षांनी पाचवा. सहावा आधी २०२५ मध्ये यायचा होता, मग २६ मे २०२६ ही तारीख मिळाली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ती १९ नोव्हेंबर २०२६ वर ढकलली गेली. म्हणजे अंतर १३ वर्षांचे. पाचवा भाग आला तेव्हा पाचवीत असलेला मुलगा सहावा घेईल तेव्हा नोकरीला लागलेला असेल.

यावरून ‘थांबा आणि श्रीमंत व्हा’ असा धडा काढायचा मोह होईल, पण तो चुकीचा ठरेल. जीटीएला थांबणे परवडले, कारण ऑक्टोबर २०१३ मध्ये सुरू झालेला ‘जीटीए ऑनलाइन’ मधल्या सगळ्या काळात पैसे मिळवत राहिला. ज्याच्या घरात दुसरी मिळकत नाही त्याने रान पड टाकले तर तो खाणार काय? ‘ड्यूक न्यूकेम फॉरेव्हर’ची घोषणा १९९७ मध्ये झाली आणि गेम आला जून २०११ मध्ये. चौदा वर्षांनी जे हाती आले त्याची समीक्षकांनी धुलाई केली. मधल्या काळात काम किती वेळा मोडून पुन्हा मांडले यावर बरेच अवलंबून असते. नुसते कॅलेंडर काही पिकवत नाही.

एका वर्षाची पड

थांबण्याचा मापात झालेला उपयोग पाहायचा तर फ्रान्सच्या युबिसॉफ्टकडे जावे लागेल. तिची ‘असॅसिन्स क्रीड’ मालिका २००७ मध्ये सुरू झाली. २००९ ते २०१५ या सात वर्षांत तिचे आठ मोठे भाग आले. २०१४ मध्ये तर एकाच नोव्हेंबरात दोन. त्यांतला पॅरिसमध्ये घडणारा ‘युनिटी’ इतक्या दोषांसह आला की पात्रांच्या चेहऱ्यावरची कातडी गायब होऊन नुसते डोळे आणि दात दिसत. कंपनीने माफी मागितली आणि पुढची भर सर्वांना फुकट दिली. पुढच्या वर्षीच्या ‘सिंडिकेट’ची सुरुवातीची विक्री मंदावली, आधीच्या भागाचा राग नव्या भागाला भोगावा लागला.

२०१६ मध्ये कंपनीने मुख्य भाग काढलाच नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये इजिप्तमधला ‘ओरिजिन्स’ आला तो लढाईची पद्धत आणि नकाशाची रचना बदलून. २०२० च्या ‘व्हॅलहाला’ने १ अब्ज डॉलरहून अधिक महसूल आणला. ‘शॅडोज’ दोनदा पुढे ढकलून २० मार्च २०२५ रोजी आला आणि आठवड्यात ३० लाख खेळाडूंपर्यंत पोचला. इथे वाचकाने शब्दाकडे लक्ष द्यावे: हे ‘खेळाडू’ आहेत, ‘प्रती’ नव्हेत. महिन्याची वर्गणी भरून खेळणारेही त्यात मोजले जातात. कंपनीने मोजमाप बदलले की आधीच्या आकड्याशी तुलना करू नये.

पहिल्या आठवड्याच्या विक्रीवरही फार विसंबू नये. जपानच्या कॅपकॉमला २०१२ च्या ‘रेसिडेंट ईव्हिल ६’कडून ७० लाख प्रतींची अपेक्षा होती; ती ६० वर आणि मग ५० लाखांवर आणावी लागली. चार वर्षांहून अधिक काळ थांबून जानेवारी २०१७ मध्ये सातवा भाग आला. तोही पहिल्या तिमाहीत ४० लाखांचे उद्दिष्ट गाठू शकला नाही, ३५ लाखांवर थांबला. आज तो दीड कोटीच्या आसपास आहे. मार्च २०१७ मध्ये निकाल लावला असता तर ‘बंद करा’ म्हणणारे जिंकले असते.

पुण्यातला राजपुत्र

‘असॅसिन्स क्रीड’चा जन्मच मुळी दुसऱ्या मालिकेच्या पोटी झाला. १९८९ च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ला २००३ मध्ये ‘सँड्स ऑफ टाइम’ने नवे आयुष्य दिले. त्याच्या पुढच्या भागाचे काम चालू असताना नायक राजपुत्राऐवजी मारेकरी झाला आणि निराळीच मालिका उभी राहिली. आईची गादी लेकीने घेतली आणि आई मागे पडली.

सप्टेंबर २०२० मध्ये ‘सँड्स ऑफ टाइम’ नव्याने बनवण्याची घोषणा झाली आणि काम होते युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे. पहिली तारीख जानेवारी २०२१ ची. झलक पाहून दृश्ये जुनाट आहेत अशी टीका झाली, तारीख मार्चवर आणि मग बेमुदत पुढे गेली. मे २०२२ मध्ये काम कॅनडातल्या माँट्रिअलला हलवले आणि जानेवारी २०२६ मध्ये ते रद्द झाले. हा गेम संपला, पण त्याच्या विक्रीचा एकही आकडा कधी तयार झाला नाही.

धाकटीला मात्र कंपनी सोडायला तयार नाही, आणि त्याचे कारणही आकड्यांतच आहे. मार्च २०२५ मध्ये युबिसॉफ्टने ‘असॅसिन्स क्रीड’, ‘फार क्राय’ आणि ‘रेनबो सिक्स’ या तीन मालिकांसाठी वेगळी कंपनी काढून तिचा सुमारे २५ टक्के हिस्सा चीनच्या टेन्सेंटला १.१६ अब्ज युरोंना देण्याचे ठरवले. त्यात या तीन नावांची किंमत सुमारे ४ अब्ज युरो धरली होती. आख्ख्या युबिसॉफ्टचे शेअर बाजारातले मोल तेव्हा त्याच्या निम्मेही नव्हते. जी नावे घरापेक्षा महाग आहेत, ती मोडीत कोण काढील?

मग कोणी थांबावे?

माझा निकाल असा. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ने नाव ठेवावे, वार्षिक रतीब बंद करावा. डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने एकाच उपमालिकेचे दोन भाग लागोपाठ काढणार नाही असे जाहीर केले. तो कबुलीचा अर्धा भाग झाला. दर प्रतीमागे २३ डॉलर जात असतील, तर दोन वर्षांनी एक भाग काढणे हे वहीतलेच उत्तर आहे. ‘असॅसिन्स क्रीड’ने चालू राहावे, दोन-तीन वर्षांचे अंतर न मोडता. ‘रेसिडेंट ईव्हिल’ला हात लावण्याचे कारण दिसत नाही. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ने छोट्या वाफ्यात राहावे, २०२४ च्या ‘द लॉस्ट क्राउन’ या आटोपशीर गेमचे समीक्षकांनी कौतुक केले होते. जीटीएबद्दल बोलायचे तर सहावा भाग आल्यावर, आणि तेही पहिला आठवडा उलटल्यावर.

हा सगळा हिशेब विकलेल्या प्रतींचा आहे. त्यात न बसणारी एक मालिका मराठी घरांना चांगली ठाऊक आहे. ईए स्पोर्ट्सने १९९६ पासून काढलेले क्रिकेटचे गेम नोव्हेंबर २००६ च्या ‘क्रिकेट ०७’पाशी थांबले. परवाने ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडचेच होते. आपल्या संघातल्या खेळाडूंची नावे मोडतोड करून छापलेली. कंपनीने मालिका सोडून दिली. २००८ मध्ये आयपीएल सुरू झाली तेव्हा हौशी पोरांनी त्याच गेममध्ये मुंबई आणि चेन्नईचे संघ घातले, जर्सी रंगवल्या, नावे दुरुस्त केली आणि पुढे दर मोसमात हेच करत राहिली. सायबर कॅफेतल्या, कॉम्प्युटर क्लासमधल्या त्या सीडी बहुतेक नकली होत्या, त्यामुळे कंपनीच्या खात्यात या खेळाडूंची विक्री शून्य. दरवर्षीचा नवा भाग मात्र त्यांनी स्वतः काढला, फुकट, आणि वेळेवर.