आधी पाणी, मग बाग

नगर शहर बागेतून जन्माला आलं, असं म्हटलं तर ते कौतुक नव्हे, इतिहास आहे. २८ मे १४९० रोजी निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने भिंगारजवळ बहमनी सेनापती जहांगीरखानाचा पराभव केला. ही लढाई पुढे बागेची लढाई म्हणूनच ओळखली गेली, कारण जिंकलेल्या जागी अहमदने आधी बाग लावली. तिचं नाव बाग निजाम. शहराची आखणी त्यानंतरची. आज दिसतो तो दगडी भुईकोट किल्ला तर हुसेन निजामशहाच्या काळातला, १५५९ ते १५६२च्या दरम्यानचा. आधी बाग, मग शहर, मग तट, असा हा क्रम आहे. सरकारी कागदावर आता अहिल्यानगर झालं आहे. पण माणसं एसटीत चढताना अजून 'एक नगर' म्हणतात, म्हणून इथंही नगरच लिहितो.

मुलुख पर्जन्यछायेचा. शहरात वर्षाकाठी सहाशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस, सीना नदी पावसाळा संपला की नावापुरती. अशा जागी इराणी नमुन्याच्या बागा फुलवायच्या म्हणजे पाणी लांबून आणणं आलं. निजामशाहीने ते खापरी नळांनी आणलं. कापूरवाडी, शेंडी, वडगाव, भिंगार अशा आसपासच्या उंचावरच्या गावांतून विहिरी आणि झऱ्यांचं पाणी उताराने शहराकडे उतरवलं जाई. भाजलेल्या मातीचा एक नळ दुसऱ्याच्या तोंडात बसवायचा, सांधा चुन्याने बुजवायचा आणि वरून दगडचुन्याचं कवच चढवून सगळं जमिनीखाली गाडायचं. पंप नाही, मोट नाही. सगळा खेळ उताराचा. उतार चुकला की नळात हवा अडते, गाळ बसतो, म्हणून मधेमधे हौद आणि मनोरे. नगरच्या बागांचं कौतुक करणाऱ्याने आधी या अनामिक नळवाल्यांना रामराम करावा.

फराहबाग म्हणजे फराहबख्श महाल. शहराच्या आग्नेयेला, लष्करी हद्दीच्या शेजारी. काम एकाने सुरू केलं, दुसऱ्याने पुढे नेलं, राजाला पसंत पडलं नाही म्हणून पुन्हा केलं, असं होत होत ते १५८३ साली निजामशाहीचा मंत्री दुसरा सलाबतखान याच्या हातून पुरं झालं. (सरकारी बांधकाम रखडतं ही तक्रार तशी जुनीच म्हणायची.) मोठा चौकोनी तलाव, मधोमध अष्टकोनी दुमजली महाल आणि तिथवर जायला एक चिंचोळा बांध. महालाची मोठी दालनं कमानींनी बाहेर उघडतात आणि मधल्या सभागृहावर उंच घुमट आहे. वैशाखातला वारा तलावावरून येताना थंड होऊन कमानींतून आत शिरायचा, गरम हवा वर घुमटाकडे चढायची. जाड भिंतींचा चुना आणि चहूकडचं पाणी मिळून ही वास्तू उन्हाळा पचवायची. ताजमहालाची कल्पना शहाजहानला इथंच सुचली, असं नगरकर पाहुण्याला हमखास सांगतात. त्याला पुरावा नाही. पण महालाला त्या उसन्या मोठेपणाची गरजही नाही.

आज भिंतींवरचा गिलावा जागोजागी सुटला आहे, लाकडी तुळया जिथं होत्या तिथं नुसती भोकं उरली आहेत आणि कमानीत उभं राहिलं की समोर तलावाच्या जागी कोरडी, बाभळींनी भरलेली सखल जमीन दिसते. भर दुपारीही आत गारवा जाणवतो, पण तो निम्माच. उरलेला निम्मा त्या तलावाचा होता. वास्तू पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. संरक्षण आहे ते दगडाला. ज्या पाण्यावर ही बाग उभी होती, त्याची वाट केव्हाच शेतांखाली, वस्त्यांखाली गेली.

उत्तरेकडच्या हश्त बिहिश्त बागेची, म्हणजे आठ स्वर्गांच्या बागेची, स्थिती याहून वाईट. तिथंही तळ्याच्या मधोमध अष्टकोनी इमारत, शेजारी हमामखाना, पाणी शेंडी-वडगावकडून. आता पाहणाऱ्याला अवशेषांवरून अंदाज बांधावा लागतो.

या बागा कुणासाठी होत्या, हेही बोललं पाहिजे. दुसरा नव्हे, पहिलाच मुर्तझा निजामशहा, ज्याला लोक दिवाणा म्हणत, तो दरबार सोडून वर्षानुवर्षं बागांत कोंडून घेऊन राहिला. राज्य मंत्र्यांनी चालवलं. अखेर १५८८मध्ये पोटच्या पोराने, मीरान हुसेनने, त्याला हमामात कोंडून मारलं. रयतेने त्या बागा बहुधा भिंतीबाहेरूनच पाहिल्या असतील. रविवारी डबा घेऊन बागेत जायचं ही चैन सामान्य माणसाला फार उशिरा मिळाली. आता तो चांदबिबी महालावर पहाटे चालायला जातो. ही खरी कबर सलाबतखानाची, शाह डोंगरावरची तीन मजली अष्टकोनी इमारत. चांदबिबीचा तिच्याशी संबंध नाही. पण पाथर्डी रस्त्याने वर गेलं की शहर पायाशी पसरलेलं दिसतं, वारा भणाणतो, आणि मग नाव कुणाचं याची कुणाला पडलेली नसते.

बाग निजामच्या जागी उभ्या राहिलेल्या किल्ल्यात बाग पुन्हा एकदा झाली, तीही कैद्यांच्या हातून. ऑगस्ट १९४२मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे नेते इथं आणून डांबले. नेहरू, मौलाना आझाद, वल्लभभाई, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव. वेळ जाईना म्हणून अंगणात फुलझाडांचे वाफे खणायला घेतले. 'भारताचा शोध'मध्ये नेहरूंनी लिहिलंय की माती वाईट, दगडगोटे आणि जुन्या बांधकामाचा राडारोडा फार. खोल खणलं की जुन्या भिंती लागत, आणि एकदा भिंतीवर कोरलेलं सुंदर दगडी कमळ निघालं. फार खोल खणणं तुरुंगवाल्यांना मंजूर नव्हतं. आझादांच्या 'गुबार-ए-खातिर'मधल्या पत्रांतही ही फुलं आहेत, खोलीत घरटं करणाऱ्या चिमण्या आहेत. किल्ला आजही लष्कराच्या ताब्यात आहे. ओळखपत्र घेऊन जा.

जिल्ह्याचं पश्चिम टोक म्हणजे दुसरीच दुनिया. अकोले तालुक्यातल्या घाटघरला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, कळसूबाई १६४६ मीटरवर ढगात असते. पण गंमत अशी, की इथल्याही सहलीच्या जागा बऱ्याचशा बांधलेल्या पाण्याच्या आहेत. भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९१० ते १९२६ या काळात प्रवरेवर झालं, खालच्या कोरडवाहू मुलुखाला कालवे मिळावेत म्हणून. पर्यटक ही त्यानंतरची पैदास. धरणातून पाणी सोडलं तरच अंब्रेला फॉल दिसतो.

मेअखेर, पहिल्या वळवानंतर, इथं काजवे पेटतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर यांवर हजारोंनी. नर लुकलुकतो तो मादीला बोलावण्यासाठी, आणि ते बोलावणं पोचायला अंधार लागतो. आपण काय घेऊन जातो? गाड्यांचे दिवे, मोबाइलच्या विजेऱ्या, डीजे. शनिवारी रात्री घाटात वाहनांची रांग लागते आणि काजवे पाहायला आलेली मंडळी पुढच्या गाडीचे मागचे दिवे पाहून परततात. हा परिसर १९८६पासून अभयारण्य आहे. वनखात्याने रात्रीच्या प्रवेशाला वेळेचं बंधन घातलं, तर ओरड करू नये. पुरुषवाडीसारख्या गावात गावकऱ्यासोबत पायी हिंडून काजवे पाहता येतात. तेच बरं.

पूर्व-दक्षिणेकडची हिरवाई मात्र कुणाला हिरवाई वाटतच नाही. कर्जत तालुक्यातलं देऊळगाव-रेहेकुरी अभयारण्य १९८०चं, जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचं. पहिल्यांदा जाणारा विचारतो, 'जंगल कुठाय?' समोर असतं ते गवत: कुसळी, पवन्या, मारवेल. दिवाळीनंतर पिवळं पडलेलं. त्यात काळवीट. काळ्या-पांढऱ्या नराची पिळाची शिंगं गवतावरून सरकताना दिसतात, मागे तांबूस माद्यांचा कळप. हा प्राणी लपून नव्हे, धावून जगतो. त्याला लांबवरचा लांडगा दिसला पाहिजे, म्हणून मोकळं रान हवं. आणि पिल्लू पहिले काही दिवस दडवायला उंच गवत हवं. अशा माळावर उत्साहाने झाडं लावली, की काळविटाची नजर अडते आणि सावलीत गवत मरतं. याच पट्ट्यात, सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत, १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य केलं. आज इथल्या माळावर माळढोक दिसणं दुरापास्त झालं आहे. माळाला 'पडीक' म्हणणारा आपला महसुली शब्द या नुकसानाला बराच जबाबदार आहे, असं माझं मत आहे.

गवताची किंमत ज्यांना कळली ते गाव नगरपासून जवळच आहे. हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या सरपंचपदाच्या काळात चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली. गुरं रानात सोडायची नाहीत, गवत विळ्याने कापून न्यायचं. डोंगरउताराला चर, खाली बंधारे, आणि बोअरच्या पाण्यावर शेती नाही. तिथं सहलीला जाणारे बरेच जण झाडं पाहून येतात. चर पाहावेत, झाडं त्यांच्यामुळे आहेत.

संगमनेरजवळच्या पेमगिरीचा एकरांवर पसरलेला वड अवश्य पाहावा. तिथल्याच किल्ल्यावर शहाजीराजांनी एका बालकाला निजामशहा म्हणून गादीवर बसवलं होतं. १६३६मध्ये ती गादीही संपली.

आता मागणं. फराहबागेच्या डागडुजीची चर्चा होते तेव्हा गिलावा, दिवाबत्ती, तिकीटखिडकी यांवर बोललं जातं. तलाव पुन्हा भरायचा तर पाणी टँकरने आणून चालणार नाही. जुना नळ कुठून यायचा, त्यातला किती शाबूत आहे, कुणाच्या शेतातून जातो, याची मोजणी करून तो नकाशावर चढवायला हवा, आणि महालाइतकंच त्या नळालाही संरक्षित वास्तू म्हणून जाहीर करायला हवं. पुढच्या २८ मेला शहराच्या वाढदिवसाचे फलक लावण्याआधी महापालिका, पुरातत्त्व खातं आणि लष्कर यांनी एका टेबलाशी बसून एवढं एक काम हाती घ्यावं.