आरशाचा दंड

यवतमाळ जिल्ह्यांत मोटारसायकल ही आतां चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. कचेरी, शाळा, बाजार व शेत, सर्वत्र तीच लागते. आणि एकत्र कुटुंबांत एकच गाडी काका, पुतणे व सुना आळीपाळीनें वापरतात. अशा गाडीचा आरसा फुटला म्हणजे तो कोणीं बसवावयाचा, हा प्रश्न बहुधा अनिर्णीतच राहतो. कांहीं तरुण तर शोभेस बाध येतो म्हणून नवे आरसेच काढून ठेवतात. मग एके दिवशीं ई-चलान येतें, आणि तें गाडी ज्यांच्या नांवावर नोंदलेली असते त्या वडील माणसाच्या मोबाइलवर येतें! गाडी चालविली एकानें, जाब विचारला गेला दुसऱ्यास, असा प्रकार होतो.

हा दंड म्हणजे पोलिसांची लहर नव्हे. मागून येणारीं वाहनें चालकास स्पष्ट दिसावीत यासाठीं आरसा हवा, असें १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२५ वा नियम सांगतो. ज्या अपराधांस निराळी शिक्षा नेमलेली नाहीं, त्यांना १९८८ च्या कायद्याचें १७७ वें कलम लागतें. त्यांतील दंडाची मर्यादा पूर्वीं पहिल्या वेळीं १०० व पुढें ३०० रुपये होती; २०१९ च्या दुरुस्तीनें ती अनुक्रमें ५०० व १,५०० रुपये झाली.

आरशाची गरज मात्र या कायद्याहून पुष्कळ जुनी आहे. डॉरोथी लेव्हिट या इंग्रज बाईंनीं १९०९ सालच्या आपल्या पुस्तकांत मोटार चालविणाऱ्या स्त्रियांस सल्ला दिला कीं, जवळ एक हातआरसा बाळगावा व मधून मधून तो उचलून मागील रस्ता पाहावा. १९११ सालीं अमेरिकेंत इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतींत इतरांच्या गाडींत मागें नजर ठेवण्यास एक सोबती असे. रे हॅरून यानें त्याच्या जागीं आरसा बसविला आणि शर्यत जिंकली. एका माणसाचें काम आरसा करतो, तें असें.

आमच्या जिल्ह्यांत तर या सोबत्याची फारच जरूर आहे. वणीकडे कोळशाच्या मालमोटारी, पांढरकवड्यावरून जाणारा नागपूर-हैदराबाद महामार्ग, आणि हंगामांत कापसानें शिगोशीग भरलेल्या ट्रॉल्या! शेताच्या वाटेस लागण्यासाठीं उजवीकडे वळणाऱ्यानें आरशावांचून मान वळविली, कीं गाडीही मानेबरोबर कलते, आणि तेवढ्यांत पुढचा रस्ता दृष्टीआड होतो. बहिर्गोल आरशांत मागील वाहन आहे त्याहून दूर भासतें, हेंही विसरूं नये.

म्हणून घरोघरीं दोन गोष्टी ठराव्यात असें आम्हांस वाटतें. आरसा ज्याच्या हातून फुटेल त्यानें तो त्याच दिवशीं बसवावा. आणि उंच काकांनंतर ठेंगणी पुतणी गाडीवर बसली, तर निघण्यापूर्वीं तिनें तो आपल्या नजरेस जुळवून घ्यावा. दंड भरून पावती मिळते. मागून येणारी मालमोटार मात्र पावती पाहून थांबत नाहीं.