भूकंप वहीत उरतो

8 ऑक्टोबर 2005, सकाळचे 8 वाजून 50 मिनिटं. पाकव्याप्त काश्मीर आणि लगतच्या डोंगराळ भागात मुलं वर्गात बसलेली होती. 7.6 तीव्रतेच्या धक्क्याने 70,000हून अधिक माणसं गेली. त्यांत शाळांच्या छताखाली सापडलेली हजारो मुलं होती.

चार वर्षांनी ताहिर अंद्राबी, बेंजामिन डॅनियल्स आणि जिष्णु दास या अभ्यासकांनी तिथे घरोघर पाहणी करवली. भूगर्भातल्या भेगेजवळची आणि लांबची गावं भूकंपाआधी सारखीच होती, त्यामुळे तुलना चोख झाली. मोठ्या माणसांत फरकच सापडेना! रोख मदत पोचली होती, घरं उभी होती, संसार मार्गी लागले होते.

मुलांचं मात्र तसं नव्हतं. भूकंपावेळी आईच्या पोटात असलेली किंवा नुकती रांगणारी मुलं उंचीला कमी भरली. त्याहून मोठी मुलं रोज शाळेत जात होती, पण चाचणीत दीड ते दोन इयत्ता मागे. शाळा तर सरासरी 14 आठवडेच बंद होत्या. मग एवढी तूट आली कुठून? बहुधा अशी: शाळा उघडली आणि धडे पुढे सरकले. ज्याची हातच्याची वजाबाकी कच्ची राहिली, त्याच्यापुढे भागाकार आला, मग अपूर्णांक. मूल वर्गात होतं, शिकणं मागेच राहिलं. ही तूट तशीच राहिली तर मोठेपणी कमाई दरवर्षी सुमारे 15 टक्क्यांनी कमी असेल, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

मला थक्क करतं ते पुढचं. ज्यांच्या आईने प्राथमिक शिक्षण पूर्ण केलं होतं, त्या मुलांच्या अभ्यासावर भूकंपाचा मागमूसही नव्हता. उंचीतली घट अशा आईलाही टाळता आली नाही, अभ्यासातली मात्र तिने पुरती थोपवली. पदवी नव्हे, नुसती प्राथमिक शाळा! त्या डोंगरात अशा आया थोड्याच होत्या. ज्यांच्या लहानपणी गावात मुलींची शाळा होती, त्यांनाच ही संधी मिळण्याची शक्यता जास्त.

आपल्याकडेही कोल्हापूर-सांगलीच्या 2019च्या पुरानंतर मदतीचा ओघ लागला. वह्या-दप्तरं हवीतच. पण पुढच्या वेळी शाळा उघडली की प्रत्येक मुलाला जवळ बसवून एक उतारा वाचून घ्या, एक वजाबाकी करून घ्या, आणि जिथे अडेल तिथूनच शिकवायला लागा.